निदानानंतरचे पहिले वर्ष : विशेष मुलांच्या आईवडिलांनी स्वतःच्या मनाची व्यवस्था कशी लावावी

हा लेख अशा आईवडिलांसाठी आहे, ज्यांच्या हातात नुकतीच मुलाच्या तपासणीची फाईल आली आहे आणि त्या फाईलवर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम किंवा बौद्धिक अक्षमता असे काही तरी लिहिलेले आहे. मुलासाठी पुढे काय करायचे, हे डॉक्टर आणि थेरपिस्ट सांगतात. कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, घरी कोणता व्यायाम, हे सगळे कागदावर लिहून मिळते. आईवडिलांनी स्वतःचे काय करायचे, हे मात्र त्या कागदावर नसते. बारा वर्षांपूर्वी, माझा मुलगा तीन वर्षांचा असताना, त्याला ऑटिझम असल्याचे आम्हाला एका दवाखान्याच्या बोळात, उभ्या उभ्या, पाचेक मिनिटांत सांगण्यात आले. तेथून निघून आम्ही दोघे कोल्हापुरातल्या टाउन हॉलच्या बागेतल्या बाकावर जवळजवळ दोन तास बसलो आणि एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. मुलगा वाळलेली पाने गोळा करून एका रांगेत लावत होता. त्या दोन तासांत कोणी तरी शेजारी बसून जे सांगायला हवे होते, ते मी येथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. माणसे आपणहून समजून घेतील, वेळ आली की आधार मिळेल, या आशेवर राहिलेले पालक दोन-तीन वर्षांत पार थकून जातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. मुलाच्या स्पीच थेरपीचा वार, वेळ आणि माणूस जसा ठरलेला असतो, तसाच आईवडिलांच्या आधाराचाही वार, वेळ आणि माणूस ठरवावा लागतो.

पहिली पायरी : पहिले पंधरा दिवस कोणताही मोठा निर्णय घेऊ नका

निदान ऐकल्यावर मन दोन टोकांना धावते. नोकरी सोडून द्यावी, घर विकून पुण्या-मुंबईला जावे, दुसऱ्या मुलाचा विचार कायमचा सोडावा, असे निर्णय याच दिवसांत भराभर सुचतात आणि ते त्या क्षणी अगदी बरोबर वाटतात. हे सगळे निर्णय महिनाभराने घेतले तरी चालतात. मुलाची थेरपी लवकर सुरू होणे महत्त्वाचे आहे, हे खरे. पण तिची चौकशी करून वेळ ठरवणे आणि आयुष्याची फेरमांडणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले काम घाबरलेल्या मनानेही करता येते.

या काळात एक वही करा. धक्का बसलेल्या माणसाला डॉक्टरांचे निम्मे बोलणे ऐकूच येत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी त्याच डॉक्टरांकडे पुन्हा वेळ घ्या आणि शक्यतो दोघांनी मिळून जा. जाताना प्रश्न वहीत लिहून न्या : निदानाचे नेमके नाव काय, कोणत्या तपासण्या अजून बाकी आहेत, लगेच काय सुरू करायचे, काय करू नये आणि पुन्हा केव्हा यायचे. उत्तरेही तेथेच लिहून घ्या. डॉक्टर घाई करू लागले, तर 'आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा मनःस्थितीत नव्हतो, आज नीट समजून घ्यायचे आहे' असे स्पष्ट सांगा. बहुतेक डॉक्टर थांबतात.

रात्री मोबाईलवर शोधाशोध करू नका, हे मी कळकळीने सांगते. रात्री दोन वाजता समोर येणाऱ्या माहितीत खरे काय आणि विकाऊ काय, हे ओळखण्याची शक्ती तेव्हा आपल्यात नसते. 'खात्रीने बरे करतो' म्हणणारी माणसे नेमकी याच वेळी भेटतात. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार सिद्ध झालेला नाही, तरी त्यासाठी दागिने मोडणारी कुटुंबे आपल्या जिल्ह्यातही आहेत. पैसे भरण्याआधी किमान एका अशा डॉक्टरांना विचारा, ज्यांचा त्या उपचारात काहीही लाभ नाही.

आणखी एक काम याच पंधरा दिवसांत करा. तुमच्या ओळखीतली दोन माणसे निवडा, फक्त दोन, आणि त्यांना सगळे सांगा. माणूस निवडताना नात्याचा मान बघू नका. ऐकून घेण्याची सवय कोणाला आहे, हे बघा. माझ्यासाठी ती माणसे माझी धाकटी नणंद आणि कॉलेजमधली एक मैत्रीण होती. सख्ख्या बहिणीला मी चार महिन्यांनी सांगितले, कारण ती माझ्याआधी रडायला लागली असती आणि तिला सावरण्याचे बळ तेव्हा माझ्याकडे नव्हते.

दुसरी पायरी : अपराधाचा हिशेब डॉक्टरांसमोर मांडा

प्रत्येक आईच्या मनात एक यादी असते. गरोदरपणी गाडीवरून गेले, ताप आला तेव्हा गोळी घेतली, भांडण झाले, जिना चढले. वडिलांच्या मनातही असते, फक्त ते ती बोलून दाखवत नाहीत. त्यात घरच्यांची भर पडते. माझ्या नात्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला चारचौघींत विचारले होते, 'ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?' मी तेव्हा काहीच बोलले नाही आणि नंतर कितीतरी रात्री खरोखरच त्या ग्रहणाच्या दिवशी आपण काय केले, हे आठवत पडून राहिले.

म्हणून शास्त्र काय सांगते, ते थोडे सविस्तर लिहिते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. हे कारण जेरोम लेज्यून या फ्रेंच डॉक्टरांच्या गटाने १९५९ मध्ये दाखवून दिले. बहुतेक वेळा ही जादा प्रत पेशीविभाजनाच्या वेळी योगायोगाने येते. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुले होतात, आणि आईच्या खाण्यापिण्याने किंवा कामाने ती प्रत येत नाही. सेरेब्रल पाल्सीत जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लगेचच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. वेळेच्या फार आधी जन्म, प्राणवायू कमी पडणे, जंतुसंसर्ग, नवजात बाळाची तीव्र कावीळ अशी त्याची अनेक कारणे आहेत. ऑटिझममध्ये आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा असून मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळ्या रीतीने होत असते.

ऑटिझमच्या बाबतीत तर आयांवर एके काळी उघड अन्याय झालेला आहे. आईच्या मायेत ऊब नव्हती म्हणून मूल असे झाले, असे गेल्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांतले नामवंत तज्ज्ञही म्हणत असत. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये ही समजूत खोडून काढली. ते स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते. लसीचेही तसेच. लसीने ऑटिझम होतो असे सुचवणारा १९९८ चा लेख तो छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. त्यामुळे 'लस टोचायला मीच नेले होते' हे ओझे कोणत्याही आईने वागवण्याचे कारण नाही, आणि धाकट्या भावंडाची लस तर मुळीच चुकवू नये.

माहिती वाचून मात्र अपराधी भावना जात नाही. ती जाण्यासाठी तुमची यादी, तुमच्या अक्षरात, वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकेक ओळ वाचून दाखवा. प्रत्येक ओळीला 'यामुळे नाही' असे डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याचा परिणाम वेगळा असतो. सासूबाई किंवा घरातले जे कोणी वडीलधारे दोष देत असतील, त्यांना त्या भेटीला सोबत न्या आणि कारण डॉक्टरांनाच सांगू द्या. आमच्या सासूबाई त्या भेटीनंतर रिक्षात बसताना एवढेच म्हणाल्या, 'मग बाई, तुझं काही चुकलं नाही.' त्या एका वाक्याने आमच्या घरातले वातावरण बदलले.

क्वचित खरोखरच हलगर्जी झालेली असते. बाळंतपणात उशीर झाला, कावीळ कोणी वेळेवर पाहिली नाही. अशा पालकांना 'कोणाचीच चूक नाही' असे सांगणे खोटे ठरते. त्यांचा राग खरा आहे आणि तो समुपदेशकासमोर पूर्ण बोलून व्हायला हवा, कारण तसा तो झाला नाही तर घरातल्याच कोणावर तरी निघत राहतो.

तिसरी पायरी : दुःख परत येणार आहे, हे धरून चाला

'आता स्वीकारा आणि पुढे चला' हा सल्ला तुम्हाला सगळीकडून मिळेल. त्यातून असा समज होतो की दुःख एकदा संपते आणि जे पालक दोन वर्षांनी पुन्हा रडतात, ते कुठे तरी कमी पडले. सायमन ओल्शान्स्की या अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्याने १९६२ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल लिहिताना 'दीर्घकाळ सोबत राहणारे दुःख' अशी कल्पना मांडली. हे दुःख आयुष्यभर कमी-जास्त होत राहते आणि पालकांची ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, आजार नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मला ही कल्पना कळली तेव्हा निदानाला पाच वर्षे झाली होती, आणि आपल्यात काही बिघाड नाही हे कळल्याने मला फार हायसे वाटले.

हे दुःख केव्हा येते, ते बरेचसे आधी सांगता येते. जाऊबाईंच्या मुलाने पहिल्यांदा 'आई' म्हटले तेव्हा, जून महिन्यात गल्लीतली मुले नवे दप्तर घेऊन निघतात तेव्हा, भाच्याचा दहावीचा निकाल लागतो तेव्हा, मुलाच्या वाढदिवशी. घरातल्या कॅलेंडरवर असे दिवस आधीच खूण करून ठेवा. त्या दिवसांची तीन कामे ठरवा : त्या दिवशी जास्तीचे काम अंगावर घ्यायचे नाही, त्या दोन माणसांपैकी एकाशी बोलायचे आणि समारंभाला जायचे असेल तर परत केव्हा निघायचे ते आधीच ठरवून जायचे. बारशाला तासभर जाऊन, आनंदाने जेवून, निघून येणे यात काहीही गैर नाही. न जाणेही चालते. मात्र 'तब्येत बरी नाही' असे दरवेळी सांगण्यापेक्षा जवळच्या माणसांना खरे कारण एकदा सांगावे, म्हणजे ती दुरावत नाहीत.

चौथी पायरी : नवरा-बायकोंचा तुटणारा संवाद

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करून आलेला बाप घरी येतो, तेव्हा आई दिवसभराच्या थेरपीने, प्रवासाने आणि मुलाच्या रडण्याने दमलेली असते. ती सांगू लागते, तो ऐकतो आणि काहीच बोलत नाही. तिला वाटते, याला काही वाटत नाही. प्रत्यक्षात त्याने ओव्हरटाईम वाढवून घेतलेला असतो, कारण थेरपीचे पैसे उभे करणे हीच एक गोष्ट आपल्या हातात आहे, असे त्याला वाटत असते. दोघेही दुःखात असतात आणि दोघांची दुःखाची रीत वेगळी असते.

यावर आम्हाला उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. आठवड्यातून एकदा, मूल झोपल्यावर, वीस मिनिटे दोघांनी बसायचे. पहिली दहा मिनिटे एकाने बोलायचे, पुढची दहा दुसऱ्याने, आणि समोरच्याने मध्ये उपाय सुचवायचा नाही. पहिले काही आठवडे माझे यजमान त्यांच्या दहा मिनिटांत गप्पच बसत असत. मीही गप्प बसत असे, कारण ती मिनिटे त्यांची होती. सहाव्या-सातव्या आठवड्यात ते बोलले की, मुलाला सोबत घेऊन रंकाळ्यावर जायला त्यांना भीती वाटते, लोक बघतात. तोपर्यंत मला वाटत होते की त्यांना कंटाळा येतो.

वडिलांना मुलाचे एक ठरावीक काम पूर्णपणे द्या, म्हणजे रविवारची आंघोळ किंवा शनिवारची थेरपीची फेरी. ते चुकत असले तरी मध्ये पडू नका. 'तुम्हाला जमत नाही, द्या इकडे' हे वाक्य आया सहज बोलतात, मीही बोलले आहे, आणि त्याने बाप हळूहळू मुलापासून बाजूला होतो.

पाचवी पायरी : घर, गल्ली आणि तालीम

मदत मागताना ती नेमकी मागा. 'जरा लक्ष असू द्या' असे म्हटल्यावर कोणालाच काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी 'वहिनी, दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात तुम्ही याच्याजवळ बसाल का? मला अंबाबाईला जाऊन यायचे आहे आणि थोडे एकटे चालायचे आहे' असे सांगितले, तर बहुतेक माणसे हो म्हणतात. जे नाही म्हणतील, त्यांच्यावर राग धरू नका; त्यांना दुसरे काम द्या. कोणाला मूल सांभाळता येत नाही, पण डबा देता येतो, किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयात सकाळी लवकर जाऊन नंबर लावता येतो.

आजी-आजोबांचा प्रश्न नाजूक असतो. नातवाला घेऊन जोतिबाला नवस फेडायला जायचे, अमक्या महाराजांकडे न्यायचे, असा त्यांचा आग्रह असतो आणि तरुण पालक त्यावर चिडतात. मला वाटते, जोपर्यंत थेरपी आणि औषधे थांबत नाहीत, मुलाला इजा होत नाही आणि कर्ज काढावे लागत नाही, तोपर्यंत आजीच्या नवसाला विरोध करण्यात शक्ती घालवू नये. नवस हे आजीचे दुःख सांभाळण्याचे साधन आहे, आणि तिलाही दुःख आहे हे आपण बऱ्याचदा विसरतो.

गल्लीला सांगायचे की नाही, यावर मतभेद आहेत. माझे मत सांगण्याच्या बाजूचे आहे. गणेशोत्सवात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या आवाजाने ऑटिझम असलेली मुले अक्षरशः कोसळतात, आणि कोल्हापुरात राहून तो आवाज टाळणे अवघड आहे. पहिली दोन वर्षे आम्ही ते दहा दिवस खिडक्या बंद करून काढले. तिसऱ्या वर्षी यजमानांनी तालमीतल्या, म्हणजे गल्लीचा गणपती बसवणाऱ्या मंडळातल्या मुलांना मंडपात जाऊन सगळे समजावून सांगितले. त्यांनी आमच्या घराकडची स्पीकरची तोंडे फिरवली आणि मिरवणूक केव्हा निघणार ते आदल्या दिवशी कळवू लागले. आम्ही त्या दिवशी माहेरी जातो. ही मोठी मदत होती आणि ती मागितल्याशिवाय मिळाली नसती.

घरात दुसरे मूल असेल, तर आठवड्यातला एक तास केवळ त्याचा ठेवा. त्याला भावंडाच्या स्थितीचे नाव सांगा आणि शाळेत कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे, ते एकत्र ठरवा. 'तू शहाणा आहेस, तू समजून घे' हे वाक्य त्याला दिवसातून दहा वेळा ऐकवू नका.

सहावी पायरी : दुसरे पालक शोधा, आणि नसतील तर चौघे जमवा

या सगळ्या पायऱ्यांतून एकच निवडायची वेळ आली, तर मी ही निवडेन. डॉक्टर, समुपदेशक, आईवडील, बहीण हे सगळे तुमच्यावर माया करतात, पण तुमच्या मुलाने भर बाजारात जमिनीवर लोळण घेतली तेव्हा तुम्हाला काय वाटले, हे सांगायला सुरुवात करताच ज्याला पुढचे कळते, असा माणूस दुसरा विशेष पालकच असतो.

आपल्याकडे या क्षेत्रातले बरेचसे काम पालकांनीच उभे केलेले आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीच्या आईवडिलांनी सुरू केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या आई, डॉ. मिथू अलूर, यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना, १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभारली. शेंडा पार्कमध्ये चेतना अपंगमती विकास संस्थेचे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम आहे. तुमचे मूल अशा शाळेत जाणार असो वा नसो, एकदा तेथे जाऊन बसा. वीस वर्षांचा, पिशव्या शिवणारा किंवा पणत्या रंगवणारा मुलगा प्रत्यक्ष पाहिल्यावर 'पुढे काय होईल' या प्रश्नाला एक चेहरा येतो. माझ्या बाबतीत तो चेहरा मनातल्या भीतीपेक्षा पुष्कळच हसरा निघाला.

पालक भेटण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे थेरपी केंद्राबाहेरचे बाक. मूल आत असते तेव्हाची पाऊण तासाची वेळ बहुतेक जण मोबाईलमध्ये घालवतात. शेजारच्या आईला 'तुमचं बाळ कधीपासून येतंय?' एवढे विचारा. सीपीआरमध्ये प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी रांगेत असलेले पालक, विशेष शाळेच्या पालकसभा आणि पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक यांच्याकडूनही ओळखी होतात. खेड्यातल्या पालकांनी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारावे, कारण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात आणि जवळच्या गावातले असे दुसरे घर त्यांना बहुधा माहीत असते.

चार घरे मिळाली की गट सुरू करा. त्याला नाव, अध्यक्ष किंवा पावतीपुस्तक लागत नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, कोणाच्या तरी घरी दीड तास बसा. आमच्या गटाचे नियम अनुभवाने ठरत गेले, ते तसेच सांगते. येथे बोललेले बाहेर जाणार नाही. न विचारता सल्ला द्यायचा नाही. कोणाच्या मुलाचे औषध कोणी बदलायला सांगायचे नाही. आपल्या मुलाची दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करायची नाही, आणि हा नियम पाळायला सगळ्यात अवघड आहे, कारण एखाद्याचे मूल बोलू लागले की त्या घराला आनंद सांगावासा वाटतो आणि शेजारी बसलेल्या आईच्या पोटात कालवाकालव होते. आम्ही दोन्ही बोलू देतो. आईने 'मला आज हेवा वाटला' असे म्हटले तर तिला कोणी नाव ठेवत नाही.

व्हॉट्सॲप गट जरूर करा, पण तो भेटीची जागा घेऊ शकत नाही. तेथे इकडून तिकडे पाठवलेले संदेश आणि चमत्काराचे व्हिडिओ येत राहतात. चंदगड, आजरा, गगनबावड्याच्या पालकांना कोल्हापूरला येण्यात अख्खा दिवस आणि रोजगार जातो, म्हणून त्यांच्यासाठी भेट थेरपीच्या वारालाच जोडा, किंवा गडहिंग्लज, गारगोटीसारख्या मधल्या ठिकाणी जमा. तेही जमत नसेल तर दोन घरांनी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोनवर बोलावे. माझ्या ओळखीच्या दोन आया चार वर्षे अशाच बोलत आहेत आणि त्या एकमेकींना फक्त दोनदा भेटल्या आहेत.

सातवी पायरी : कागदपत्रे

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायला अनेक पालकांचे मन धजत नाही, कारण त्या कागदाने मुलावर कायमचा शिक्का बसेल असे वाटते. कागदाने मूल बदलत नाही, सवलती मात्र त्याच्यावर मिळतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरलेले आहे आणि बहुतेक लाभांसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर करायचा आणि तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचे. लहान मुलांना बहुधा मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे; तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचाही समावेश होतो. शाळेने प्रवेश नाकारला, तर २०१६ च्या त्याच कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या पात्र मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, हे शांतपणे सांगा. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेथल्या पालकांनी मुलाच्या शाळेसाठी हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. या कामाला एकट्या आईला पाठवू नका. एक रांगेत उभे राहायला आणि एक मूल सांभाळायला, अशी दोन माणसे जावीत.

आठवी पायरी : थकवा आणि आजार यांतला फरक

थकवा विश्रांतीने उतरतो. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल किंवा सारखी झोप येत असेल, जेवण नकोसे झाले असेल, कशातच रस वाटत नसेल, मुलावर हात उगारला जात असेल किंवा दारूचे प्रमाण वाढले असेल, तर तो आता नुसता थकवा राहिलेला नाही. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते घेतल्याने मुलाच्या संगोपनात खंड पडत नाही, उलट ते नीट होऊ लागते. सीपीआरच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या विश्वासाच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य चालते, आणि तेथे मराठीत बोलता येते.

आपण मुलासह संपून जावे, म्हणजे कोणालाच त्रास नाही, असा विचार विशेष पालकांच्या मनात येऊन जातो. माझ्याही मनात आला होता. हे लिहिणे मला सोपे नाही, पण ज्या आईच्या किंवा बापाच्या मनात तो आज आहे, त्यांना आपण एकटे आहोत असे वाटू नये म्हणून लिहिते. हा विचार आला तर त्या क्षणी मुलासोबत एकटे राहू नका. शेजारचे दार वाजवा, घरातल्या कोणाला तरी शब्दांत सांगा, १४४१६ ला फोन करा, आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ ला करा. सकाळपर्यंत थांबू नका. मी त्या रात्री नणंदेला फोन केला होता. ती वीस मिनिटांत आली आणि सकाळ होईपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

नववी पायरी : 'आमच्यानंतर कोण?' या प्रश्नासाठी एक वही

हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात मनात येतो आणि रात्री झोपू देत नाही. त्याचे कायद्याचे उत्तर आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पण तुमचे मूल आज तीन वर्षांचे असेल, तर त्या अर्जाला पंधरा वर्षे अवकाश आहे आणि तो प्रश्न रोज रात्री सोडवत बसण्यात अर्थ नाही.

आज करता येण्यासारखे काम वेगळे आहे. निदानाच्या दिवसांत केलेल्या त्या वहीची मागची पाने उलटी धरून उघडा आणि तेथून मुलाबद्दल लिहायला लागा, असे की ज्याने त्याला कधी पाहिलेले नाही, त्यालाही एक दिवस त्याला सांभाळता यावे. तो काय खातो, कशाला घाबरतो, भूक लागल्यावर काय करतो, झोपताना कोणती चादर लागते, रडायला लागला तर कशाने शांत होतो. एका बैठकीत पूर्ण करण्याची गरज नाही, दर महिन्याला दोन ओळी पुरेत. लिहिल्यावर ती वही गुरुवारी येणाऱ्या वहिनींना वाचायला द्या आणि तिच्यावर विसंबून त्यांना दोन तासांच्या जागी तीन तास मुलाजवळ बसवून पाहा. पुढच्या वर्षी एक पूर्ण दिवस, आणि मग एक रात्र.

आमच्या वहीतली पहिली ओळ अशी आहे : 'तहान लागली की तो पेला उलटा करून तुमच्या मांडीवर ठेवील. पाणी द्या, पण पेला भरू नका, अर्धाच द्या.' तिच्याखाली आता नणंदेच्या अक्षरातही सोळा ओळी आहेत, आणि त्यांतल्या चार मला माहीत नव्हत्या.